समाधान झाले आहे, अध्यक्ष महोदय

तीन दिवस एखादा माणूस अंघोळच करत असेल, तर त्याच्या अंगाला एवढं काय लागलंय ते कुणीतरी एकदा बघायला पाहिजे, असं मी केंद्रेंना म्हटलं. केंद्रे म्हणजे आमच्या रंगाचे पी.ए. पन्नाशीचा भला माणूस, पण नागपूरच्या आमदार निवासात त्या खोलीच्या दाराला हात लावून असा उभा होता, की जणू आत सोन्याची खाण आहे आणि मी कुदळ घेऊन आलेय. तीन दिवस मी माळसांगीहून फोन लावत होते आणि तीन दिवस त्यांचं एकच उत्तर, साहेब अंघोळीला गेलेत. शेवटी पिशवीत दोन लुगडी कोंबली, गाडी धरली आणि दारातच येऊन उभी राहिले. आतून पाण्याचा आवाज नव्हता. टीव्हीचा होता.

मी केंद्रेंना बाजूला सारून आत गेले.

रंगा पलंगावर लोळत बातम्या बघत होता. मला पाहून ताडकन उठला. म्हणाला, वहिनी, कळवायचं तरी, स्टेशनवर गाडी पाठवली असती. मी विचारलं, कुणाला कळवायचं, बादलीला का तांब्याला?

रंगा म्हणजे आमदार रंगनाथराव कळसे. माझा धाकटा दीर. सासूबाई गेल्या तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. त्याचं नाक मी पदराने पुसलंय. पुढे माझे मालक गेले, तोवर तो वकील झाला, मग जिल्हा परिषदेत गेला, मग आमदार. पण अधिवेशन मुंबईला असो नाहीतर नागपूरला, संध्याकाळी त्याचा फोन यायचाच. वहिनी, जेवलात का? मी आज अमुक बोललो, तमुक मंत्री गप्प झाला. मला त्यातलं अर्धं कळायचं नाही, पण ऐकायला बरं वाटायचं. आणि त्याच रंगाने मला माझ्या कामाच्या वेळेला टाळायला सुरुवात केली. हे मला सहन होणारं नव्हतं.

काम माझं म्हणावं तर माझं नव्हतं. आमच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स, सिस्टर ग्रेस साळवे, त्यांचं होतं.

त्या साली दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, माळसांगीच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंतिणींच्या खोलीला आग लागली. बाळांना ऊब द्यायच्या यंत्राची वायर जळाली आणि दाराजवळचा पडदा पेटला. आत पाच बाळंतिणी आणि पाच बाळं. त्यात माझी धाकटी शैला होती आणि तिचा दोन दिवसांचा मुलगा. तिला आम्ही लातूरला नेणार होतो. रंगानेच मोडता घातला. आमदाराची पुतणी सरकारी दवाखान्यात बाळंत झाली तर लोकांचा विश्वास वाढतो, असं त्याचं म्हणणं. पेपरात फोटोही आला होता. शैला खाटेवर, बाळ रंगाच्या हातात, आणि बाळाचं डोकं कसं धरायचं ते त्याला ठाऊक नसल्यामुळे मागून सिस्टरचा हात.

तर पुढच्या दाराशी जाळ. मागच्या दाराला कुलूप, आणि त्या दारापुढे मोडक्या खाटा एकावर एक रचलेल्या. किल्ली भांडारपालाकडे आणि भांडारपाल रजेवर. भिंतीवर लाल सिलिंडर टांगलेला होता. सिस्टरने तो ओढून काढला, पिन उपटली, तर थोडी हवा गेली आणि संपलं. मग त्या बाईने एकटीने खाटा ओढल्या, सलाईनच्या स्टँडच्या लोखंडी पायाने कुलूप फोडलं आणि तोवर जाळाने तापलेली कडी उघड्या हाताने सरकवली. दहाच्या दहा जीव बाहेर आले. सिस्टरच्या दोन्ही तळव्यांची कातडी त्या कडीला राहिली.

आणि आठव्या दिवशी निलंबनाचा कागद आला तो सिस्टरच्याच नावाने. त्यांनी म्हणे पाणी उकळायची शेगडी चालू ठेवून जागा सोडली होती. चौकशी लागली. दोष लागला असता तर अठरा वर्षांची नोकरी गेली असती, आणि बाळं जाळायला निघालेली बाई, हे नाव जन्मभर राहिलं असतं.

मी रंगाला समोर बसवून सांगितलं, हे विधानसभेत विचार. त्या दवाखान्यात आग विझवायला काय होतं, डॉक्टरांच्या किती जागा रिकाम्या आहेत, मागचं दार कुणी बंद केलं, सगळं विचार. रंगा सरकारच्याच पक्षाचा, पण तेव्हा शैलाच्या बाळाला हातात घेऊन तो खरंच रडला होता. त्याने प्रश्न टाकला. तो मंजूर झाल्याचा छापील कागद त्याने मला आणून दिला आणि मी तो कुंकू लावून देवघरात ठेवला. त्यानंतर डिसेंबर उजाडला, अधिवेशन सुरू झालं आणि साहेब अंघोळीला गेले.

आमदार निवासात त्याने मला चहा पाजला, तब्येत विचारली, शैलाचं विचारलं. प्रश्नाचं मात्र मलाच काढावं लागलं. तो म्हणाला, उद्याच आहे, चौथा नंबर. खात्याचं उत्तर आलंय. मी विचारलं, काय आलंय? तर म्हणाला, सभागृहात येईलच की. तुम्ही असं करा वहिनी, सकाळी टेकडीच्या गणपतीला जाऊन या, केंद्रे गाडी लावतील, येताना संत्री घेऊ. मी म्हटलं, गणपती परवाही तिथंच बसलेला असेल. मला उद्याचा पास पाहिजे.

त्याने पास दिला. पण देताना माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी विधानभवनाच्या दारात पोलिसांच्या बाईने माझी मिश्रीची डबी काढून घेतली. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले तर शिपाई येऊन म्हणाला, आजी, पाय खाली सोडून बसा, बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही. मी म्हटलं, श्वास घेतला तर चालेल का. खाली सभागृहात एवढी माणसं बोलत होती, उठत होती, कागद हलवत होती, आणि वर आम्ही मुक्यासारखे.

चौथा प्रश्न आला. रंगा उठला, नंबर बोलला आणि बसला. त्याच्या पांढऱ्या शर्टाकडे बघून मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू. वाटलं, हे आपलं पोर.

मग मंत्री उत्तर वाचायला लागले. दवाखान्यात आग विझवायची साधनं नव्हती, हे खरं आहे काय? हे खरे नाही. मागचं दार बंद होतं, हे खरं आहे काय? हे खरे नाही. डॉक्टरांच्या चार जागांपैकी तीन रिकाम्या आहेत, हे खरं आहे काय? हे अंशतः खरे आहे. रिकामी जागा अंशतः कशी असते ते मला कळेना. त्या खुर्चीत डॉक्टरचा कमरेखालचा भाग येऊन बसतो की काय? आणि शेवटी, याला जबाबदार अधिकाऱ्यांवर काय कारवाई केली? प्रश्न उद्भवत नाही. संबंधित परिचारिकेची चौकशी सुरू आहे.

मी रंगाकडे बघत होते. आता उठेल, आता बोलेल. तो समोरच्या कागदावर काहीतरी खरडत बसला होता.

समोरच्या बाकावरून विरोधी पक्षाची एक बाई उठली. तिने विचारलं, सगळंच जर खरं नाही, तर दवाखाना जाऊन पाहिला कुणी? मंत्र्यांना हे सोपं गेलं. ते म्हणाले, आगीच्या एकोणीस दिवस आधी तिथल्या रुग्ण कल्याण समितीने प्रत्यक्ष पाहणी केली आहे. आठ सिलिंडर, आठही भरलेले, मागचं दार मोकळं, अशी लेखी नोंद आहे. पाच सदस्यांच्या सह्या आहेत.

"आणि सभागृहाच्या माहितीसाठी सांगतो," मंत्री हसत म्हणाले, "त्यातली एक सही प्रश्न विचारणाऱ्या सन्माननीय सदस्यांच्या वहिनींची आहे. श्रीमती सत्यभामा कळसे."

सगळं सभागृह हसलं. कुणीतरी मागून ओरडलं, प्रश्न घरीच विचारायचा होता की.

मी खाली सोडलेले पाय वर घ्यायला निघाले, जसं पाण्यात साप दिसल्यावर घेतो तसं.

अध्यक्षांनी रंगाचं नाव घेतलं आणि तुम्हाला काही विचारायचंय का, म्हणून विचारलं. रंगा उठला. एकदाच त्याने वर गॅलरीकडे बघितलं.

"मंत्रिमहोदयांच्या उत्तराने माझे समाधान झाले आहे, अध्यक्ष महोदय."

पाचवा प्रश्न कुठल्यातरी धरणाचा होता.

सही माझीच होती. रुग्ण कल्याण समिती म्हणजे दवाखान्यावर लक्ष ठेवायला आसपासच्या गावांतली पाच माणसं नेमतात ती. रंगा आमदार झाल्यावर त्याने माझं नाव त्यात घातलं होतं. मी दोन इयत्ता शिकलेली, सही करायला चाळिशीत शिकले, तीही प्रौढ वर्गात, कंदिलाची काच पुसून पुसून. त्यामुळे सहीचा मला मोठा मान. आडनावासकट पुरी करते, वर रेघ ओढते, खाली दोन टिंबं देते. समितीची बैठक मात्र दवाखान्यात कधी भरलीच नाही. दर तीन महिन्यांनी शिपाई बनसोडे रजिस्टर घेऊन घरोघरी फिरायचा. घरी बसून चहा प्यायचा, मी सही करायचे, तो पुढच्या घरी जायचा. पाचही घरांत हेच. आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट सरकारचं रजिस्टर आपल्या ओसरीवर चालत येतं, याचं मला कौतुक होतं. शेजारच्या बायका बघायच्या. त्या खेपेला तो महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आला होता. घरात चाळीस पानं बसायची होती. मी उभ्या उभ्या सही केली आणि वर काय लिहिलंय ते विचारलंसुद्धा नाही.

दुपारी रंगा खोलीवर आला. केंद्रेंना त्याने बाहेर पाठवलं. मी पलंगावर बसले होते, तो खुर्चीत. मग मी विचारलं, तुला कधी कळलं? म्हणाला, चार दिवस झाले. उत्तराची प्रत आली तेव्हाच. मी विचारलं, मग मला का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, काय सांगणार होतो वहिनी? तुमचं नाव त्यात होतं.

"मी तुमच्यासाठीच गप्प बसलो," रंगा म्हणाला. "मी उपप्रश्न विचारला असता, तर त्यांनी सह्यांची चौकशी लावली असती. मग तुम्हाला उभं केलं असतं. कळशांच्या घरची बाई खोट्या कागदावर सही करते, हे सगळ्या जिल्ह्याला कळलं असतं."

त्याच्या बोलण्यात माया होती, हे मी नाकारणार नाही. पण मायेच्या आड आणखी काय काय होतं तेही हळूहळू निघालं. संक्रांतीनंतर मंत्रिमंडळ वाढणार होतं. आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणलं असतं, तर रंगाचं नाव यादीतून गेलं असतं. वैद्यकीय अधीक्षक डॉक्टर बिडवेही आपलेच होते, निवडणुकीत त्यांनी गाड्या दिल्या होत्या. आणि सिस्टरचं काय, असं मी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तिचं मी बघतो. शिक्षा कमी करायला सांगतो. पगारवाढ रोखतील, बदली करतील लांब कुठंतरी, पण नोकरी राहील.

"म्हणजे दोष राहील," मी म्हटलं.

"वहिनी, ती बाहेरची बाई आहे. तुम्ही घरच्या."

मी माझी पिशवी उचलली. त्याने गाडी देऊ केली, मी एस.टी.ने आले. वाटेत मला दोन वेळा वाटलं, रंगा म्हणतो तसंच होऊ द्यावं. गावात मी मान वर करून चालत आले होते. कुणाच्या घरात काय चुकलं, ते मी तोंडावर सांगत आले होते. आता तेच गाव माझ्याकडे बोट दाखवणार. सही शिकायला एवढी वर्षं घातली आणि केली ती अशी, हे कुणी बोललं तर मी काय तोंड दाखवणार होते? हे मी लपवत नाही. एस.टी. यवतमाळच्या पुढे येईपर्यंत मी गप्प राहायच्या बाजूची होते.

घरी पोचल्यावर अंगावरचं लुगडंही न बदलता सिस्टरच्या क्वार्टरवर गेले. म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं. त्यांनी मला बसायला लावलं आणि चहा टाकला. तळव्यांवर नवीन कातडी आली होती, पण ती ताणलेली, गुलाबी. बोटं पुरती मिटत नव्हती. कप त्यांनी दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून आणला आणि माझ्यापुढे ठेवला. भिंतीवर येशूची तसबीर, खाली सुईदोऱ्याचं काम अर्धं राहिलेलं. आता ते होणार नव्हतं.

मी सांगितलं. समितीचा कागद खोटा आहे आणि त्यावर माझी सही आहे.

सिस्टर म्हणाल्या, "मला माहीत आहे, आक्का. नोटिशीबरोबर त्याची प्रत जोडली होती. तुमची सही मी ओळखते."

म्हणजे ऑक्टोबरपासून ही बाई जाणून होती. त्यानंतर दोन वेळा ती शैलाच्या बाळाला बघायला माझ्या घरी येऊन गेली होती. बाळाच्या अंगाला तेल कसं लावायचं ते सांगून गेली होती. मी विचारलं, बोलला का नाहीत? त्या चुलीकडे, म्हणजे गॅसकडे बघत म्हणाल्या, तुम्ही बाळाला मांडीवर घेऊन बसला होतात. तेव्हा काय बोलू?

तो चहा मी प्यायले, पण कसा प्यायले ते माझं मला माहीत.

चौकशी जानेवारीत झाली. दवाखान्यातच, बाह्यरुग्ण विभागाच्या मागच्या खोलीत. वरच्या कार्यालयाचे एक साहेब आले होते, चष्मेवाले, शांत. टेबलाच्या एका अंगाला डॉक्टर बिडवे, दुसऱ्या अंगाला सिस्टर. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच गेले आणि सांगितलं, मला जबाब द्यायचाय. मी आत शिरते न शिरते तोच बाहेर रंगाची गाडी थांबली. कुणीतरी त्याला फोन केला असणार. तो आत येऊन खुर्ची ओढून बसला आणि साहेबांना म्हणाला, सहज आलो होतो, तुमचं चालू द्या. साहेब उभे राहिले होते, ते पुन्हा बसले. माझ्याकडे बघून रंगाने डोळ्यांनी नको म्हटलं. लहानपणी आजारी असला की औषधाला तो असाच नको म्हणायचा. तेव्हाही मी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, काय सांगायचंय? मी म्हटलं, आधी ते रजिस्टर मागवा.

रजिस्टर आलं. साहेबांनी पान काढलं आणि सही तुमचीच का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. मग विचारलं, तुम्ही मागचं दार पाहिलं होतं का?

"माझ्या स्वयंपाकघराचं पाहिलं होतं," मी म्हटलं. "त्या दिवशी माझ्या घरी महालक्ष्म्या जेवत होत्या. मी पुरण वाटत होते. हे बघा, माझ्या सहीला अजून ते लागलेलं आहे."

खरंच लागलेलं होतं. सहीच्या वरच्या रेघेवर अंगठ्याएवढा पिवळा तेलकट डाग, वाळून कागद पारदर्शक झालेला. साहेबांनी पान उजेडाकडे धरलं. मग मी त्यांना बाकीच्या चार सह्या बघायला सांगितल्या. चारही हिरव्या शाईच्या, माझीही हिरव्या शाईची. पाच माणसं तीन गावांत राहतात आणि पाचही जण हिरवाच पेन बाळगतात, असं कसं? तो पेन बनसोडेचा आहे, त्याच्या खिशाला आत्ताही अडकवलेला असेल. दारात उभ्या असलेल्या बनसोडेने हात खिशावर ठेवला. त्याला बिचाऱ्याला मी मध्ये ओढायला नको होतं, पण त्याच्याशिवाय सांगता येत नव्हतं. तो डॉक्टर सांगतील तसं फिरायचा. हेही मी सांगितलं.

डॉक्टर बिडवे म्हणाले, आजींचं वय झालंय, काहीतरी गैरसमज आहे. मी म्हटलं, वय झालंय म्हणूनच समितीत घेतलं होतं ना? तेव्हा चालत होतं.

साहेबांनी चष्मा काढला. मला नीट समजावून सांगितलं, की हा जबाब लिहून घेतला तर तुम्ही न पाहता खोट्या नोंदीवर सही केली असं होईल. तुमचं सदस्यत्व जाईल, तुमच्यावरही ठपका येईल. तुम्ही विचार केलाय का?

"ठपका माझाच आहे, तो मला द्या. या बाईच्या अंगावर घातलाय तो काढा," मी म्हटलं. "आगीची वेळ आली तेव्हा आठ सिलिंडर कुठं होते ते मला माहीत नाही. एक होता, त्यात वारा होता. दार उघडायला हिचे हात लागले. ते हात बघून घ्या आणि तेही लिहा."

सिस्टर खाली बघत होत्या. हात मांडीवर उलटे ठेवले होते. साहेबांनी हात दाखवा असं म्हटलं नाही, पण त्यांनी पाहिलं.

लेखनिकाने दीड पान लिहिलं आणि सहीसाठी माझ्यापुढे सरकवलं. मी पेन बाजूला ठेवला आणि वाचायला घेतलं. मला अक्षर लावून वाचावं लागतं, ओळीवर बोट ठेवून. जोडाक्षर आलं की दोनदा. डॉक्टर बिडवे म्हणाले, द्या, मी वाचून दाखवतो. मी बोट पुढच्या ओळीवर नेलं. लेखनिक घड्याळ बघायला लागला. रंगाने एकदा घसा खाकरला. बाहेर रुग्णांची रांग होती, चार डॉक्टरांचं काम एकच डॉक्टर बघत होता. त्यांना खोळंबा झाला, त्याचं मला वाईट वाटलं. पण दीड पान मी पुरतं वाचलं. एका ठिकाणी लिहिलं होतं, "सही करतेवेळी दार पाहिल्याचे आठवत नाही." ते मी खोडायला लावलं. आठवत नाही असं नाही, पाहिलंच नाही, तसं लिहा. लिहिलं. मग सही केली, पुरी, आडनावासकट.

पुढे काय झालं ते सांगते. आषाढात सिस्टर कामावर परत आल्या, दोष न लागता. डॉक्टर बिडवेंची बदली झाली, शिक्षा म्हणून की बढती म्हणून ते मला कधी कळलं नाही. माझं सदस्यत्व गेलं आणि ठपक्याचा कागद टपालाने आला. तो मी फाडला नाही. गावात चार तोंडं बोलली. एकीने विहिरीवर मला ऐकू जाईल असं म्हटलं, सहीवाली आली. मी म्हटलं, आले, बाजूला हो. रंगाला मंत्रिपद मिळालं नाही. ते माझ्यामुळे गेलं असं तो म्हणतो. त्याचं आणखी कशाकशामुळे अडलं होतं ते वेगळंच. तेरा वर्षं झाली या सगळ्याला. त्या मागच्या दाराला आता आतून साधा अडसर आहे, कुलूप नाही, तेवढं मात्र मी अधूनमधून जाऊन बघते.

पण त्या दिवशीचं राहिलं. जबाब देऊन मी बाहेर आले तेव्हा रंगा गाडीशी उभा होता. ड्रायव्हरने दार उघडून धरलं होतं. पायरीवर सिस्टर होत्या, बनसोडे होता, रांगेतल्या बायका होत्या. सगळ्यांचे कान आमच्याकडे.

रंगा हळू आवाजात म्हणाला, "घरातलं घरात मिटलं असतं, वहिनी. मी तुमची इज्जत सांभाळत होतो. तुम्ही मला चारचौघांत उघडं पाडलंत."

मी आवाज खाली आणला नाही. त्याने हळू बोलावं आणि मी पण हळू बोलावं, असं करूनच आम्ही इथवर आलो होतो.

"माझी इज्जत माझी मी सांभाळीन रंगा, तिला तुझ्या शर्टाच्या खिशात ठेवायची गरज नाही. दोन निवडणुका मी या तालुक्यात उन्हातान्हात फिरले. दारात उभं राहून बायांना सांगितलं, याला मत द्या, हा तुमच्यासाठी तोंड उघडेल. त्या बाया इथं रांगेत उभ्या आहेत, बघ. तू त्यांच्यासाठी उभा राहिलास आणि म्हणालास, माझं समाधान झालं. तू माझा दीर आहेस, ते काही मी सोडत नाही. तुझं ताट माझ्या घरात कायम राहील. जेवायला कधीही ये. मत मागायला येऊ नकोस."